खाचरात उतरलेलं लग्न

नवशीची किळस अख्ख्या बेहडपाड्यात प्रसिद्ध होती. दुसऱ्याच्या घरी ती चहा घ्यायची नाही. लग्नाच्या पंगतीत बसली तर वाढण्याआधी पान उलटंपालटं करून बघायची, आणि पाणी देणाऱ्याचं बोट पेल्यात बुडालेलं दिसलं की पेला तसाच बाजूला सरकवायची. हंडा राखेनं घासायची, मग वाळूनं, मग पुन्हा राखेनं. तिची धाकटी जाऊ बाळी हसायची.

"बाय, एक दिस हंड्याचा तळ जाईल."

"जाऊ दे. हंडा नवा घेता येतो. पोट नवं मिळतं का कुठं?"

हा स्वभाव काही उगाच नव्हता. नवशी मूळची जव्हारजवळच्या वावर गावाकडची. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या त्या वाईट सालात, भुकेनं पोरं मरत होती तेव्हा, ती दहाएक वर्षांची होती. तिच्या पाठची दोन भावंडं गेली, त्यातला धाकटा तिच्या मांडीवर गेला. नंतर मोटारी आल्या, माणसं आली, फोटो काढून गेली. त्यांच्यात एक नर्सबाई होती. ती झऱ्यापर्यंत उतरली, ओंजळीत पाणी घेऊन बघितलं आणि नवशीला म्हणाली, "पोरी, भूक तर आहेच. पण हे पाणी पण मारतंय तुम्हाला." भुकेचं काही करणं त्या वयात नवशीच्या हातात नव्हतं. पाण्याचं होतं. तिनं तेवढं धरलं आणि पुढं सोडलंच नाही.

लग्न होऊन ती धबधब्याच्या दाभोसा गावाच्या वरच्या अंगाला बेहडपाड्यात आली. वीस-बावीस घरं, उतारावर नागली-वरईची शेतं, खाली ओहोळाच्या काठानं भाताची खाचरं. नवरा जिव्या स्वभावानं गरीब. वीटभट्टीवर राबून राबून कमरेतून वाकलेला. आता घरचंच थोडंफार करायचा. धाकटा दीर तुका मात्र हुशार, बोलका, जव्हारच्या बाजारात चार माणसं ओळखीची असलेला. ओहोळाकाठचं सगळ्यात मोठं, सपाट खाचर वाटणीत त्याच्याकडं आलं होतं.

त्या खाचराच्या पायथ्याशी झिरा होता. उन्हाळ्यात ओहोळ आटला की त्याच्या पात्रात खड्डा खणायचा. कडेच्या वाळूतून पाणी झिरपत झिरपत खड्ड्यात जमतं. बेहडपाडा मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्याच पाण्यावर जगायचा. झिरा सगळ्यांचा, पण राखायची नवशी. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती आत उतरायची, करवंटीनं गाळ काढायची, पडलेली पानं वेचायची, गुरं तोंड घालू नयेत म्हणून लावलेलं काटेरी कुंपण सारखं करायची. कुणी तिथं पाय धुतले तर पाड्याला ऐकू जाईल अशा शिव्या द्यायची. तिच्या किळसेची चेष्टा करणारे सगळे तिनं राखलेलं पाणी प्यायचे.

एप्रिलात एके दिवशी तुका मोटारसायकल उडवत आला आणि ओट्यासमोर येऊन ओरडला, "वयनी! आपल्या खाचरात हेलिकॉप्टर उतरायचंय!"

"कुणाचं? कोण मेलं?" नवशीनं विचारलं. हेलिकॉप्टर म्हणजे नेता, आणि नेता म्हणजे कुणीतरी मेलेलं, एवढाच तिचा हिशेब होता.

"मेलं काय? लगीन हाय लगीन!"

जव्हारच्या गोवर्धनशेठच्या पोराचं लग्न होतं. गोवर्धनशेठचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान. त्यापेक्षा मोठा धंदा जमिनींच्या दलालीचा. नदीकडच्या बाजूला मुंबईकरांसाठी त्यानं एक लॉन आणि खोल्या बांधल्या होत्या. पोराचं, परागचं, लग्न तिथंच लावायचं होतं. नवरी किमया नाशिकची. ती हेलिकॉप्टरमधून येणार, वरून मंडपावर फुलं पडणार, आणि लग्न लागल्यावर नवरा-नवरी त्याच हेलिकॉप्टरमधून धबधब्यावरून एक चक्कर मारून येणार. लॉनवर झाडं आणि विजेच्या तारा. जवळ सपाट जागा एकच, तुकाचं खाचर.

"भाडं देतायत," तुका म्हणाला. "पण भाड्याचं सोड, वयनी. जव्हार-मोखाड्यात कुणाच्या शेतात असं उतरलंय काय?"

जिव्यानं फक्त एवढंच विचारलं, "बांध फोडायचा काय?"

"एक फोडायचा. पावसाआधी घालून देतील परत."

जेसीबी आला. पिढ्यान्पिढ्या हातानं घातलेला बांध त्यानं दुपारच्या आत सपाट केला. रोलर फिरला. सगळी व्यवस्था बघायला हेमंत नावाचा माणूस होता. लग्नाचे कार्यक्रम बसवून देणं हाच त्याचा धंदा. कानात फोनची गोळी, पायात पांढरे बूट. तो बोलताना समोरच्याकडं कधी बघायचा नाही. त्यानं चुन्यानं मोठं वर्तुळ काढून घेतलं, मध्ये इंग्रजी अक्षर. मग त्यानं जमिनीवर बूट आपटला. भसकन धूळ उडाली आणि बूट लाल झाला.

"ही धूळ बसवावी लागेल," तो म्हणाला. "नवरीचा मेकअप आहे. टँकर बोलवा."

लग्नाच्या आदल्या दिवशी टँकर आला. वरच्या पाड्यांमध्ये त्या दिवसांत पाण्याचा टँकर येतो तेव्हा विहिरीवर काय झुंबड उडते ते सगळ्यांना माहीत आहे. बेहडपाड्याला टँकर कधीच नव्हता, कारण तालुक्याच्या यादीत पाड्याला 'स्वतःचा उद्भव' होता, म्हणजे नवशीचा झिरा. त्यामुळं टँकरची घरघर ऐकून बायकांना वाटलं, आपलंही नशीब उघडलं. हंडे, कळश्या, डबे, मिळेल ते घेऊन सगळ्या खाचराकडं पळाल्या. चालक नितीन मोखाड्याचा, ओळखीतला. त्यानं बायकांकडं बघून नळी हातात तशीच धरून ठेवली.

हेमंत धावत आला. "ए, मागं व्हा! पिण्याचं नाही ते. जमिनीसाठी आहे."

"जमिनीला ताहान लागली काय?" बाळीनं विचारलं.

"सांगितलं ना, मागं व्हा. उद्या लग्न झालं की उरलेलं घेऊन जा."

तुका पुढं झाला. नितीनच्या हातातली नळी घेतली आणि स्वतः पाणी मारायला लागला. पाणी पांढऱ्या चुन्यावरून वाहत, तापलेल्या मातीत फसफसत जिरायला लागलं. बायका हंडे कमरेला लावून बघत उभ्या राहिल्या. बाळीनं नवऱ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. नवशीला किळस आली. गटारात अन्न सांडलेलं बघितल्यावर येते तशी. घरी जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं, आणि तेही एक तांब्या वाया घालवल्यासारखं वाटून तिला आणखीच चीड आली.

लग्नाच्या दिवशी सकाळी नितीननं पुन्हा एक टँकर रिकामा केला. आगीची गाडी कुठं आहे, असं बंदोबस्ताच्या पोलिसानं हेमंतला विचारलं तेव्हा हेमंत म्हणाला, "पाण्याचा टँकर उभा आहे ना? तीच आपली आगीची गाडी."

हेलिकॉप्टर आलं ते आधी ऐकू आलं. मग टेकडीवरून दिसलं, मग एकदम डोक्यावर. अख्खा पाडा, दाभोशाची माणसं, लॉनवरचे पाहुणे, सगळे खाचराभोवती. वाऱ्याचा असा फटका आला की नवशीच्या गोठ्यावरचा पेंढा उचलून गेला, कुडाची एक बाजू आत पडली, कोंबड्या दिसेनाशा झाल्या. वरून टाकलेली झेंडूची फुलं मंडपावर पडायची ती परत वर उडाली आणि ओहोळात, काट्यांत, झिऱ्यात जाऊन पडली. खालच्या दोन लांब दांड्यांवर ते यंत्र ओल्या मातीत टेकलं. चाकं नव्हतीच त्याला.

पंखा थांबायच्या आत माणसं धावली. फोन वर करून. लॉनवरच्या पाहुण्यांतला एक गॉगल घातलेला माणूस शेपटीकडून गेला. तिथला छोटा पंखा इतका जोरात फिरतो की दिसतच नाही. पोलिसानं त्याला कॉलरला धरून मागं ओढलं. माणूस पोलिसावरच चिडला. "ओळखता का मला?"

नवशी मोडक्या गोठ्यापाशी उभी राहून हे बघत होती. "माणसं काय हायत का माश्या?" ती जिव्याला म्हणाली.

नवरी उतरली. दागिन्यांनी आणि उन्हानं ती अर्धमेली झाली होती. लॉनवरच्या दोन बायकांनी तिला धरून गाडीत बसवलं. सनई सुरू झाली आणि गर्दी लॉनकडं सरकली.

यंत्र खाचरात उभं राहिलं. ऊन चढत गेलं. पायलट, पन्नाशीचा, डोक्यावरचे केस गेलेला, सावली शोधत नवशीच्या घराकडं आला.

"बाई, पाणी मिळेल?"

तिनं तांब्या दिला. त्यानं ओठ न लावता, वरून धार धरून पाणी प्यायलं. नवशीला बरं वाटलं. एवढ्या सगळ्यांत एका माणसाला तरी रीत होती. त्यानं मोडलेला गोठा बघितला आणि ओशाळला.

"हे आमच्या वाऱ्यानं?"

"मग काय माझ्या फुंकरीनं?"

तो हसला नाही. ओट्यावर बसून खाचराकडं बघत राहिला. थोड्या वेळानं नितीनचा टँकर तिसऱ्यांदा आला आणि तुका पुन्हा नळी घेऊन यंत्राभोवती फिरायला लागला. पायलट उठून तिकडं गेला. नवशीलाही दिसलं, यंत्र डाव्या अंगानं किंचित खाली गेलं होतं. डावीकडची दांडी चिखलात अर्धी रुतली होती. पायलटनं बुटानं चिखल उकरून बघितला. मग हेमंतला बोलावलं.

त्यांचं बोलणं मोठ्यानं झालं म्हणून पाड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"पाणी बंद करा. एक बाजू रुतलीय. फळ्या आणा, माती मोकळी करा. आणि उन्हात वजन उचलायची ताकद कमी होते. चक्कर संध्याकाळी गार झाल्यावर मारू."

"संध्याकाळी उजेड जातो सर. ड्रोनवाला थांबलाय."

"मग चक्कर नको. मी एकटा रिकामं घेऊन जातो."

हेमंतनं फोन लावला. गोवर्धनशेठ स्वतः आला, फेट्यात, घामानं डबडबलेला. त्यानं पायलटच्या खांद्यावर हात ठेवला. "कॅप्टनसाहेब, नाशिकच्या पाहुण्यांना सांगून बसलोय. माझं नाक जाईल. दहा मिनिटांचं काम. तुम्ही एवढे अनुभवी. पुढं माझ्या भावाच्या पोरीचं लग्न आहे, तेव्हाही तुम्हीच."

पायलटनं चिखलाकडं बघितलं, शेठकडं बघितलं, आणि शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पटकन बसवा."

नवशी पुढं कित्येक दिवस या 'ठीक आहे'वर जळफळत राहिली. शेठला कळत नव्हतं असं एक वेळ धरू. याला कळत होतं.

लग्न लागलं होतं; गर्दी पुन्हा खाचराभोवती आली. पराग आणि किमया पुढं-मागं बसले. फळ्या आल्याच नाहीत. पंखा फिरायला लागला, चिखलाचे शिंतोडे उडायला लागले. तुका टँकरपाशी, नळी हातात, धूळ उडालीच तर मारायला तयार. ड्रोन वर भुणभुणत होता.

उजवीकडची दांडी सुटली. डावीकडची सुटली नाही.

पायाला दोरी बांधलेला कोंबडा उडायला जातो आणि जागच्या जागी कलंडतो, तसं ते यंत्र डावीकडं कलंडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही काहीतरी करामत आहे. तेवढ्यात वरचा पंखा जमिनीला लागला. आवाज असा की पाड्यातली पोरं बरेच दिवस झोपेतून दचकत होती. पात्याचे तुकडे झाले. एक तुकडा लॉनच्या लाऊडस्पीकरात जाऊन रुतला. एक टँकरच्या बाजूनं गेला, आणि जाता जाता तुकाचा उजवा हात कोपराखाली घेऊन गेला.

यंत्र कुशीवर पडून धडपडलं आणि थांबलं. मग एकदम शांतता. आणि रॉकेलसारखा वास.

पहिली धावली ती नवशी. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. जिव्या कंबर धरून मागोमाग. नितीननं टँकरवरून उडी मारली. यंत्राचं दार आता वर आकाशाकडं झालं होतं. नितीननं वर चढून ते उघडलं. परागला दोघांनी ओढलं. तो रडत होता, पण धड होता. किमयाचा शालू पट्ट्यात अडकला होता. नवशीनं कोयता मागवून तो शालू फाडला, पट्टा कापला आणि पोरीला मिठीत धरून बाहेर काढलं. पोरीचा हात लोंबत होता. पायलट सगळ्यात खाली, डोक्यातून रक्त, तोंडातून ओकारी. त्याला काढताना त्यानं नवशीच्या अंगावर ओकलं. गळ्यापासून पदरापर्यंत रक्त, ओकारी, चिखल, तेल. पेल्यात बोट बुडालं तर पेला सरकवणारी बाई. तिला त्या क्षणी काही म्हणजे काहीच किळस आली नाही.

ती आली मान वर केल्यावर. यंत्रात हात घालणारे, मागून आलेला पोलीस धरून, चारच होते. बाकी सगळे गोल करून उभे, हातात फोन. कुणी पुढं येत नव्हतं, कुणी मागंही जात नव्हतं. एक माणूस विडी ओढत होता.

"ए मुडद्या! विझव!" नवशी किंचाळली. "तेल वाहतंय दिसत नाय?"

त्यानं विडी विझवली, खिशात ठेवली आणि फोन काढला.

मग तिला बाळीचा आवाज ऐकू आला. तुका टँकरच्या चाकाला टेकून बसला होता, पांढराफटक. बाळीनं लुगड्याचा काठ फाडून हात करकचून बांधला होता. आणि त्यांच्या डोक्यावर, दोन पुरुष उंचीवर, तो ड्रोन तसाच भुणभुणत होता. चालवणारा कुठंतरी लॉनकडं पडद्यात बघत उभा असेल. नवशीनं चिखलाचा गोळा उचलून फेकला. लागला नाही. दुसरा फेकला, तोही नाही. ड्रोन थोडा वर गेला आणि बघतच राहिला.

गाड्या आल्या. पराग-किमयाला घेऊन एक गाडी नाशिकला गेली. पायलटला दुसरीत घातलं. तुकाला घ्यायला तिसऱ्या गाडीतला माणूस म्हणाला, "सीट खराब होईल, ॲम्ब्युलन्स येतेय ना." ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता. नितीननं कुणाला विचारलं नाही. तुकाला उचलून टँकरच्या केबिनमध्ये घातलं, बाळीला शेजारी बसवलं आणि जव्हारला निघाला. मागची नळी तशीच सुटलेली, टँकर रस्ताभर पाणी सांडत गेला.

नवशी लॉनच्या नळावर हात धुवायला गेली. तिथं जेवणं चालू होती. खरंच चालू होती. एका कोपऱ्यात डोसे निघत होते, दुसरीकडं गरम जिलब्या. पाहुणे ताट हातात धरून उभ्या-उभ्या जेवत एकमेकांना फोनमधलं दाखवत होते. एक बाई नाकाला रुमाल लावून नवशीपासून लांब सरकली. दुसरीनं दयेनं एक ताट पुढं केलं. "घे गं, थोडं खाऊन घे. फार काम केलंस." ताटात पनीर होतं, गुलाबजाम होता, त्याच्या पाकात झेंडूची एक पाकळी.

नवशी नळापाशीच ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिली.

संध्याकाळी पाड्यातल्याच पोरांनी काचेचे, पत्र्याचे तुकडे घरी नेले. एकानं तुटलेल्या दाराचं कोंबड्यांचं खुराडं करायचं ठरवलं. नवशीनं ते दार त्याच्या अंगणातून ओढून बाहेर फेकलं. "तुकाचा हात पण ठेवा घरात शोभेला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती झिऱ्यावर गेली तेव्हा पाण्यावर तवंग होता. जांभळा, हिरवा, चकचकीत. यंत्रातलं तेल रात्रभर चिखलातून खाली उतरलं होतं; टँकरच्या पाण्यानं त्याला वाट करून दिली होती. तिनं करवंटीनं वरचं काढलं, आणखी काढलं, झिरा पूर्ण उपसला. नवं पाणी झिरपलं तेही तसंच. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. बकरी आणली. बकरीनं नाक लावलं आणि मागं फिरली.

ती काठावर बसली आणि ओरडून रडली. भावंडं गेली तेव्हा ती रडली नव्हती, असं तिची आई सांगायची.

मुंबईहून तपासाची माणसं आली. ती नीट वागली, उगाच कुणावर ओरडली नाहीत. मापं घेतली, फोटो काढले. हेमंतनं त्यांना सांगून ठेवलं होतं की गाववाल्यांनीच पाट फोडून खाचरात पाणी सोडलं. त्यातल्या एकानं नवशीला विचारलं, "पाट कुठं आहे?"

नवशी त्याला कोरड्या ओहोळापाशी घेऊन गेली. "हा आमचा पाट. सोडा पाणी, बघू."

माणसानं कोरड्या पात्राचा फोटो काढला आणि वहीत लिहून घेतलं. नितीननंही खरं ते सांगितलं. टँकरच्या मालकानं त्याला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. यंत्र मोठ्या ट्रेलरवर घालून नेलं. चिखल तिथंच राहिला. तिनं झिऱ्याचं विचारलं तेव्हा तपासवाला म्हणाला, "ताई, ते आमच्या कामात येत नाही. तहसीलला अर्ज करा." तहसीलचा माणूस म्हणाला, तुमच्या पाड्याला स्वतःचा उद्भव आहे, टँकर कसा देणार?

"उद्भव मेला," नवशी म्हणाली.

"तसं लिहून यावं लागेल वरून."

पायलट वाचला. तो पुन्हा उडवतो की नाही, पाड्याला कळलं नाही. पण हेमंत आला. बरोबर व्हिडिओवाला आणि एक पैठणीचा डबा. या खेपेला तो तिच्याकडं बघून बोलला.

"नवशीताई, तुमच्यामुळं आमची माणसं वाचली. शेठना तुमचा सत्कार करायचाय. आणि एक छोटंसं काम. लग्नाच्या फिल्ममध्ये शेवटी तुमचा एक भाग घेऊ. तुम्ही फक्त खाचरातून धावत यायचं. किमयामॅडमही येतील, त्यांना मिठी मारायची. लोकांना फार आवडेल."

नवशीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "धावत यायचं?"

"हो. तेव्हाचं नीट आलं नाही. चिखल, गर्दी, काही दिसत नाही."

"तिला इचारलं काय? त्या पोरीला?"

"त्या... मॅडम अजून नाही म्हणतायत. पण तुम्ही हो म्हणालात तर—"

"ती नाय म्हणते ना? मग ती तुमच्यापेक्षा शहाणी हाय." नवशीनं डबा उचलून त्याच्या पांढऱ्या बुटांपाशी ठेवला. हातात दिला नाही. त्याच्या हाताला हात लागेल म्हणून. "आन् ऐक. लई घाण बघितली मी. पोरांची हगवण धुतली, गुरांचे किडे काढले. पण तुमच्यासारखी घाण मी बघितली नव्हती. ओट्यावरून उतर."

हेमंत उतरला. व्हिडिओवाला बिचारा तोंड लपवत मागोमाग.

मे महिन्यात पाड्यातल्या बायकांनी ओहोळाच्या वरच्या अंगाला, कातळाच्या पलीकडं नवा झिरा खणला. जायला-यायला दुप्पट चाल, आणि मध्ये चढ. पाणी कमी, पण वास नव्हता. जुना झिरा नवशीनं स्वतः दगडांनी बुजवला, एखादं पोर चुकून प्यायला नको म्हणून. बाळीनं आणि तिनं मिळून खाचरातला काळा चिखल टोपल्यांनी उकरला आणि लांब माळावर नेऊन टाकला. जिव्या बसून बसून हळूहळू बांध घालत होता. बांध घालून द्यायला कुणी आलं नव्हतं.

तुका हॉस्पिटलातून घरी आला तो गप्प होऊन आला. शेठनं त्याला थोडेफार पैसे पाठवले आणि मग फोन उचलणं बंद केलं. तुका दिवसभर ओट्यावर बसून फोन बघायचा. लग्नाची फिल्म आली होती: सनई, झेंडू, हेलिकॉप्टर उतरतंय, नवरी हसतेय, आणि मग एकदम ढग आणि धबधबा, जणू चक्कर झालीच. मधलं काहीच नाही. पाड्यातली पोरंसोरंही ती बघायची आणि म्हणायची, बघा बघा, आपलं खाचर!

एकदा नवशीला राहवलं नाही. "अजून बघतोस ते? लाज नाय वाटत?" तिनं फोन हिसकावला.

पडद्यावर फिल्मच्या सुरुवातीचा टँकर होता. तुका नळी धरून उभा, पाण्याच्या धारेत ऊन चमकतंय. तुकानं तिच्या हातातला पडदा डाव्या बोटानं थांबवला.

"हात बघतो, वयनी," तो म्हणाला. "दुसरीकडं कुठं माझा फोटोच नाय असा, दोन्ही हातांचा."

नवशीनं फोन त्याला परत दिला. तिची चीड गेली नाही, पण तुकावरची तेवढी उतरली, आणि पुन्हा चढली नाही.

त्या पावसाळ्यात तिनं आणि बाळीनं तुकाचं खाचर लावलं. सगळीकडं भात वर आला, मध्ये मात्र एक मोठा गोल डाग राहिला, तिथं रोप टिकेना. पुन्हा लावलं, पुन्हा पिवळं पडलं. बाळी म्हणाली, तिसऱ्यांदा लावू. नवशीनं नको म्हटलं. येता-जाता ती त्या डागाच्या कडेनं चालते, त्यावर पाय देत नाही, आणि एखादं पोर धावत तिकडून जायला लागलं तर अजूनही पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडते.